कोठीतला माईक

मांडवाच्या तोंडाशी मी स्टँडचे पाय उघडत होते, तेवढ्यात संपतराव निकम लगबगीनं माझ्याकडे आले. मुलीचा बाप. अंगात नवा पांढरा शर्ट, बाहीवर हळदीचा डाग, आणि चेहरा असा, की बोलायचं तर आहे, पण दुसऱ्या कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

“शालनताई, एक सांगायचं होतं.”

“सांगा ना. जरा असेच उभे राहा हां.” मी कॅमेरा त्यांच्या शर्टावर धरला आणि व्हाइट बॅलन्सचं बटण दाबलं. आधी पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवून द्यावं लागायचं, मग बाकीचे रंग तो नीट ओळखायचा.

संपतराव आपल्याच शर्टाकडे बघत राहिले. “आक्का म्हणत्यात, तुम्ही कोठीच्या खिडकीतनं शूटिंग घ्यावं. तिथनं मांडव सगळा दिसतो. गर्दीचा तरास न्हाई.”

“गर्दीचा मला कसला त्रास, दादा? सप्तपदी जवळूनच घ्यावी लागते.”

“व्हय, ते खरं.” ते इकडेतिकडे बघायला लागले. “थोरल्या माणसांचं असतं काहीतरी. पोरीचं लगीन हाय. तुम्ही समजून घ्या.”

मी समजले. माझ्या कपाळावर काही नव्हतं, गळ्यात काही नव्हतं आणि माझ्या नवऱ्याचं, रघुवीरचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. समजायला वेळ लागावा असं त्यात काही नव्हतंच. मी स्टँडचे पाय मिटले, वायरींचं भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि कोठीकडे निघाले. मागून संपतराव म्हणाले, “चहा पाठवतो हां तिकडं,” आणि तो शेवटपर्यंत आला नाही. लग्नघरात अशा गोष्टी कुणाच्या लक्षात राहतात?

ही विट्यातली गोष्ट. तेव्हा आमच्या भागात व्हिडिओ शूटिंगला ऊत आला होता. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी गावोगावी पांगलेली माणसं लग्नापुरती विट्याला यायची आणि जाताना कॅसेट घेऊन जायची. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला. तिकडच्या भाड्याच्या खोलीत ती कॅसेट लावून गाव बघायची. त्यांना ती कॅसेट करून देणारा माणूस म्हणजे माझा नवरा, रघुवीर सुतार.

त्याच्याबरोबर राहून मी हे काम शिकले. पुस्तक नव्हतं, क्लास नव्हता. घरातल्या टेबलावर दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून तो एडिटिंग करायचा आणि मी पोळ्या लाटत असले तरी तिथूनच मला प्रश्न टाकायचा.

“शालन, गेन म्हणजे काय?”

“आवाज मोठा करायचं बटण.”

“चूक. मोठा करायचं ते व्हॉल्यूम. ते आपल्या कानासाठी. गेन म्हणजे माईकनं किती कान टवकारायचे ते.”

“आणि फार टवकारले तर?”

“तर नको ते पण ऐकू येतं. पंखा, कुत्रं, शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला. चांगला माणूस बेतानं टवकारतो.”

दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी झूम निघायचा. “झूम केला म्हणून माणूस जवळ येत नाही गं. जवळ दिसतो. हे विसरलीस की शूटिंग फसलं.”

काविळीनं तो गेला तेव्हा दीर म्हणाले, कॅमेरा विकून टाकू. मी नको म्हटलं. का नको, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. दुपारी सासूबाई पडल्या की मी जुन्या कॅसेटी लावायची आणि हेडफोन कानाला लावून बसायची. त्याचं चित्र एकाही कॅसेटमध्ये नव्हतं. शूटिंग करणारा स्वतः कुठून दिसणार? पण कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज यायचा. “मामा, थोडं डावीकडं.” “नवरीबाई, मान वर.” अर्ध्या विट्याच्या कपाटांत तो असा पडून होता आणि लोक ते ऐकतही नव्हते, कारण कॅसेटमध्ये तो सोडून बाकी सगळे दिसत होते.

निकमांच्या लग्नाचं काम त्यानंच कबूल केलेलं होतं. त्या तारखेला दुसरा कुणीच मोकळा नव्हता म्हणून संपतराव माझ्याकडे आले होते. मी बायकांच्या हळदीचं वगैरे थोडंफार शूटिंग केलेलं होतं, पण लग्न पहिलंच. आणि ते मला खिडकीतून घ्यायचं होतं.

कोठी म्हणजे धान्याची खोली. पोत्यांच्या थप्प्या, लाडवांच्या पराती, कोपऱ्यात केळीचे घड. घराचा लाइटचा बोर्ड तिथंच होता, म्हणून लाऊडस्पीकरवाल्या इस्माईलभाईंनी आपला अँप्लिफायरही तिथंच मांडला होता. रघुवीरचे ते जुने दोस्त. मला बघून ते उठून उभे राहिले.

“वहिनी, इथं?”

“इथंच.”

त्यांनी एक पोतं ओढून खिडकी मोकळी करून दिली.

आणि मग अंधाराला डोळे सरावल्यावर मला आक्का दिसल्या. पोत्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेल्या. मळखाऊ रंगाचं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला, हात नुसते मांडीवर. घरभर जिच्या नावानं सगळं हलत होतं, “आक्कांना विचार”, “आक्कांनी सांगितलंय”, ती बाई स्वतः इथं बसली होती. संपतरावांची थोरली बहीण. नवरा गेला तशी माहेरी आली ती कायमची. नवरी मुलगी, वैजयंता, रांगती असतानाच तिची आई वारली. संपतराव धंद्यापायी कोइमतूरला. वैजयंताला वाढवलं ते आक्कांनीच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“आलीस व्हय,” त्या म्हणाल्या.

“आले.”

“राग आला आसंल.”

मी कॅमेरा स्टँडवर घट्ट करत होते. “कामाला आलेय, आक्का.”

“मी का वंगाळ म्हणून सांगितलं न्हाई. रीत हाय. मला बी हीच जागा हाय, बघ की. धनी गेल्यापास्नं मी कुठल्या मांडवात पाय ठिवला न्हाई. संपतच्या लग्नात बी हितंच बसले हुते. तवा शेंगा भरल्या हुत्या हितं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार अशी काही नव्हती. कुठं काय भरलं होतं ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

बाहेर वऱ्हाड आलं. ताशा, बँड, पोरांचा गलका. मी खिडकीला कॅमेरा लावला आणि झूम करून मांडव जवळ आणला. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं काळंपांढरंच दिसायचं तेव्हा. काळीपांढरी झेंडूची फुलं, काळीपांढरी नवरी. चित्र धरून होतं, पण लांबून झूम केल्यानं बारीक हलायचं आणि मध्येच कुणाचंतरी फेट्याचं टोक पडदाभर यायचं. मला रघुवीर आठवला. जवळ दिसतं, जवळ येत नाही.

आवाजाचं तर त्याहून अवघड होतं. माझा माईक मला गुरुजींपाशी ठेवायचा होता, त्यासाठीच लांब वायर जोडून आणली होती. पण मांडवात जायचं नाही म्हटल्यावर माईकही इथंच. मी तो पोत्याच्या थप्पीवर ठेवला, पिन कॅमेऱ्याला लावली आणि हेडफोन कानावर चढवले. खिडकीतून येईल तेवढा आवाज घ्यायचा, दुसरं काय. बाहेर गुरुजींनी खाकरून मंगलाष्टकं सुरू केली होती. मी गेनचं चाक हळूहळू वाढवत नेलं.

आणि गुरुजींच्या आवाजाच्या अलीकडे, अगदी कानाशी, मला दुसराच आवाज आला.

बाईचा आवाज. बारीक, जुनाट, ओठातल्या ओठात. मंगलाष्टकाचीच चाल, पण शब्द वेगळे. मी हेडफोन काढले, तर बाहेरच्या कर्ण्यापुढे काहीच ऐकू येईना. परत लावले, तर पुन्हा कानाशी:

माझ्या गं हातांनी वाढली राजस बाळी,
निघाली परक्याच्या दारी वैजू सांजसकाळी...

मी मान वळवली. आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. माईक त्यांच्या मागच्या पोत्यावरच होता. बोटांनी मांडीवर ठेका धरून त्या गात होत्या. शब्द चालीत नीट बसत नव्हते. एखादं अक्षर जास्त व्हायचं, तिथं त्या ती जागा ओढून त्याला आत घ्यायच्या.

मी किती वेळ ऐकत होते कोण जाणे. बाहेर गुरुजींचं एक कडवं संपलं, लोकांनी अक्षता टाकल्या आणि त्याच वेळी आक्कांनीही रिकामी मूठ उघडली. त्यांच्या हातात अक्षता नव्हत्या. दिल्याच नव्हत्या कुणी.

मी हेडफोन गळ्यात उतरवले. “आक्का, हे तुम्ही केलंय?”

त्या दचकल्या. “काय?”

“वैजूचं मंगलाष्टक.”

“तुला कुठनं ऐकू आलं?”

मी माईक दाखवला. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही पोत्यावर साप निघालाय.

“बंद कर ते.”

“करते. पण म्हणा की मांडवात. घरच्या बायका म्हणतातच मधे एखादं. तिला ऐकू तरी येऊ दे.”

“मी मांडवात जात न्हाई, सांगितलं न्हवं?”

इस्माईलभाई अँप्लिफायरच्या काट्याकडे बघत उकिडवे बसले होते. ते मागं न बघताच बोलले, “आक्का, मांडवात जायाची गरज न्हाई. माझ्याकडं एक माईक जादा हाय. हितं बसून म्हणा. वायर हितंच हाय.”

आक्कांनी पदर कपाळावर आणखी ओढला. बाहेर गुरुजी पुढचं कडवं घेत होते.

“रीत मोडती,” त्या म्हणाल्या.

“कुठं मोडती?” मी म्हटलं. “तुम्ही इथंच आहात. आवाज जाईल फक्त.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पदराआडून का होईना, सकाळपासून पहिल्यांदाच सरळ बघितलं. मग त्यांच्या तोंडावर हसू म्हणावं की काय असं काहीतरी आलं.

“आवाजाला काय कुकू आसतंय व्हय गं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

इस्माईलभाईंनी आपला माईक त्यांच्या हातात दिला आणि उठून मांडवात गुरुजींच्या कानाशी लागायला गेले. परत येऊन त्यांनी चाक फिरवलं. आक्का नुसत्या खोकल्या, तर अख्ख्या मांडवावरून अशी काही कर्कश शिट्टी गेली, की पोरं रडायला लागली आणि पंगतीच्या बाजूला कुणाच्या तरी हातून भांडं पडलं.

आक्कांनी माईक मांडीत टाकला. “बघ! देवानंच सांगितलं.”

“देवानं न्हाई ओ, कर्ण्यानं,” इस्माईलभाई घाईघाईनं चाक मागं फिरवत म्हणाले. “कर्णा खिडकीच्या डोक्यावरच बांधलाय. त्याचाच आवाज फिरून माईकात शिरतोय. वहिनी, खिडकी लावून घ्या. दार बी. मग शिट्टी मारत न्हाई.”

मी खिडकीला हात घातला आणि थांबले. कॅमेरा खिडकीत होता. पुढचं कडवं शेवटचं. त्यानंतर अंतरपाट निघणार, माळा पडणार. कोइमतूरच्या खोलीत बसून माणसं बघणार ते हेच. खिडकी लावली तर माझ्याकडे त्यातलं काहीही येणार नव्हतं.

“काय झालं?” आक्कांनी विचारलं.

“खिडकी लावली तर मला इथून लग्न दिसत नाही.”

“मग ऱ्हाऊ दे. लगीन घे तू. माझं काय मोठं.”

“नाही. खिडकी लावते.” मी स्टँडवरून कॅमेरा सोडवायला लागले. “पण मग मला मांडवात जाऊन घ्यावं लागेल.”

हे मी बोलले, पण स्क्रू सुटेना. सुटला तेव्हा कॅमेरा छातीशी धरून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मी परवानगी मागत होते की सांगत होते, ते माझं मलाच कळलं नव्हतं. इस्माईलभाई अँप्लिफायरवरची धूळ पुसत राहिले.

आक्कांनी हातातला माईक उलटासुलटा करून बघितला. मग बाहेर कान दिला. गुरुजी त्यांच्यासाठी थांबले होते. मांडवात कुजबुज वाढली होती.

“वैजूच्या म्होरनं जाऊ नगंस,” त्या हळू म्हणाल्या. “कडंनं जा.”

“बरं.”

“जा मग. हुबी का?”

मी खिडकी लावली. माझा माईक पोत्यावरच राहू दिला, तिथं तो आक्कांच्या जवळ होता. वायर दाराखालच्या फटीतून बाहेर घेतली, कॅमेरा खांद्यावर चढवला, हेडफोन लावले आणि मांडवात शिरले. मागे इस्माईलभाईंनी दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं, शंभर डोळे माझ्यावर येतील. कुणी हात आडवा करेल, कुणी संपतरावांना हाक मारेल. तसं काहीच झालं नाही. कारण त्याच वेळी कर्ण्यातून आवाज आला आणि सगळ्या माना वर झाल्या. माझ्या कानात तो आवाज अगदी जवळून येत होता, श्वासासकट. मांडवाला तो वरून येत होता.

माझ्या गं हातांनी वाढली राजस बाळी...

“कोण म्हणतंय?” “आक्का? आक्का म्हणत्यात?” “कुठं हायत पर?” लोक वळून वळून बघायला लागले. मी कडेनं जायचं ठरवलं होतं, पण कडेला बायकांची गर्दी होती आणि वायर तेवढी लांब नव्हती. सरळ गेलं तरच पोचत होती. मी सरळ गेले. पाटाच्या समोर, वैजयंताच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि गुडघा टेकून तिचा चेहरा धरला.

ती अंतरपाटाकडे खाली बघत होती. पहिल्या शब्दाला तिची मान वर आली. दुसऱ्याला तिनं इकडंतिकडं बघितलं, जसं लहान मूल हाक कुठून आली ते शोधतं. मग तिला कळलं असावं. तिनं डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

देते हात दुरून मी तुज गडे, कुर्यात् सदा मंगलम्.

शेवटचा शब्द आक्कांनी ओढला नाही. तो तसाच सोडून दिला. मग अक्षता पडल्या, माझ्या डोक्यावर, कॅमेऱ्यावर, भिंगावरसुद्धा एक दाणा येऊन बसला. अंतरपाट निघाला. बँड वाजला. मी पुढची सप्तपदीही तिथंच उभं राहून घेतली. कुणी मला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. इतक्या माणसांत मी इतकी एकटी क्वचितच होते, आणि त्या दिवशी ते मला फार वाईटही वाटलं नाही, कारण हाताला काम होतं.

पंगती बसल्यावर मी कोठीत परत गेले. इस्माईलभाई जेवायला गेले होते. आक्का तशाच बसल्या होत्या, माईक अजून मांडीवर.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं. छान झालं.”

“रडली का ती?”

“नाही. डोळे मिटून घेतले.”

त्यांनी मान हलवली. तेवढंच त्यांना हवं होतं बहुतेक. मग माईक खाली ठेवत म्हणाल्या, “तुझ्या त्या डब्यात आलंय सगळं?”

“आलंय. ऐकायचंय?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या आणि लगेच, “कसं ऐकायचं?”

मी टेप मागं नेली. त्यांच्याजवळ बसून त्यांच्या पदरावरूनच हेडफोन लावले आणि टेप सुरू केली. त्या ताठ बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हेडफोन घातलेला माणूस बोलतो तशा त्या मोठ्यानं बोलल्या.

“ही कोण?”

“तुम्हीच.”

“न्हवं.”

“स्वतःचा आवाज आपल्याला तसाच परका वाटतो, आक्का. आपण तो आतून ऐकतो ना. माईक बाहेरून ऐकतो.”

“न्हवं गं. ही आमची सासू हाय.” त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले. “तीच. अगदी तीच. आसंच वढून बोलायची.”

टेप फिरत होती. त्यांच्या ओठांची हालचाल बंद झाली. नुसतं ऐकत होत्या. कडवं संपलं, आतून अक्षता टाकल्याचा गलका बारीक येऊन गेला, तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

“पुन्ना लाव,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःच ते काढले. पदर सरकला. केस सगळे पांढरे, बारीक कापलेले. त्यांनी तो लगेच वर घेतला नाही.

“ह्यांचं तेरावं झालं,” त्या म्हणाल्या, “आन् दुसऱ्या दिशी आमच्या गल्लीत बारसं हुतं. मी आपली निघाले. पोरच हुते, मला काय कळतंय? सासू दारात आडवी हुबी ऱ्हायली. म्हणाली, आता तू आतच बस.” त्यांनी हेडफोन माझ्याकडे सरकवले. “आसंच म्हणाली. ह्याच आवाजात.”

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “पाठवणी! पाठवणीला चला!”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पोत्याला धरून उठल्या. मला वाटलं बाहेर निघाल्या. पण दारापाशी जाऊन, उंबऱ्याच्या आत, त्या उभ्या राहिल्या.

“आक्का, चला ना.”

“माझं पाय न्हाई जायाचं,” त्या म्हणाल्या. “तू जा. सकाळी मी बोलले ते इसर. कुठं बी लगीन आसंल तिथं म्होरं हुबी ऱ्हा. कुणी काय म्हणलं तर मला सांग.”

मी टेप होती तिथं पुढं नेली आणि कॅमेरा घेऊन बाहेर आले. वैजयंता एकेकाच्या पाया पडत येत होती. बापाच्या गळ्यात पडली, चुलत्यांच्या पाया पडली. मग तिनं मान उंच करून शोधलं आणि कुणाला काही न बोलता कोठीकडे चालू लागली. नवऱ्याकडची माणसं “अहो, उशीर होतोय” म्हणत राहिली. ती उंबरा ओलांडून आत गेली आणि तिनं मागं दार लावून घेतलं.

मी दारासमोर उभी होते. कॅमेरा चालू होता, हेडफोन कानावर. माझा माईक अजून आत होता, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं, कारण मला पावलं ऐकू आली. मग बांगड्या. मग आक्कांचा आवाज, गाण्यातला नव्हे, रोजचा: “आलीस? ये, हितं बस. डोकं ठेव.”

वायरीला मधे एक जोड होता. तो माझ्या पायाशीच होता. मी वाकले आणि जोड सुटा केला.

कानात एकदम काही नाही. मी हेडफोन काढले, तेव्हा कुठं मांडवातला सगळा आवाज परत आला. गाडीचा हॉर्न, बँडवाल्यांची आवराआवर, भांडी. कॅमेरा तसाच दारावर ठेवून मी उभी राहिले. दार उघडेपर्यंत दारच घेतलं.

त्यानंतर मी पुष्कळ लग्नं घेतली. सुरुवातीला कधी कधी कुणी कुरकुर केली, तेव्हा मी “निकमांच्या आक्कांना विचारा” म्हणायची आणि माणसं गप्प बसायची. पुढं आक्का गेल्या. तोवर विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. कॅसेटी गेल्या, कॅमेरे तळहाताएवढे झाले. सासूबाई गेल्यावर घरात मी एकटीच. अजून कुणी जुनी कॅसेट आणून दिली तर ती पेन ड्राइव्हवर करून देते, तेवढंच काम.

गेल्या दिवाळीत वैजयंता आली होती. कोइमतूरहून, लेकीला घेऊन. लेक इंजिनिअरिंगला. कॅसेटला थोडी बुरशी आली होती, ती साफ करून मी लावली. आक्कांचं कडवं आलं तेव्हा वैजयंता पदर तोंडाशी धरून बघत होती. मग पाठवणी. मग ते बंद दार. नुसतं दार, बराच वेळ, आणि आवाज काहीच नाही.

लेक वाकून स्पीकरचं बटण बघायला लागली. “मावशी, इथं ऑडिओ गेलाय. आत काय बोलल्या असतील आजी? काढता नाही येणार का काही करून?”

वैजयंतानं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती कधी याबद्दल बोलली नव्हती, मीही विचारलं नव्हतं.

“नाही येणार,” मी म्हटलं. “वायर लूज होती.”